दिव्याची पेटी

त्या संध्याकाळी माझं ताट आईनं वाढलं. यात दचकण्यासारखं काही नव्हतं, आईच्या हातचं मी जन्मभर जेवलो आहे; पण लग्न झाल्यापासून मी पुण्याहून आलो की ताट कौशल्या वाढायची, आणि आज ती मागल्या दाराच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. चुलीपुढे यशोदावहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि बघत नाही हे मला कळावं अशा बेताने बघत नव्हत्या. मी आईला विचारलं, "तिला बरं न्हाई का?" आई म्हणाली, "आधी जेव." आमच्याकडे वाईट बातमी उपाशीपोटी देत नाहीत, त्यामुळे 'आधी जेव' म्हटलं की बातमी वाईट आहे हे कळतंच. एस्टीत आळंदीपर्यंत उभा आलो होतो, पुढे चऱ्होलीपर्यंत पायी, आणि काखेतल्या पिशवीत प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं, ज्याच्या समासात सरांनी लाल शाईने तिसऱ्यांदा लिहिलं होतं : 'उदाहरण?' मला खरं म्हणजे कुठलीच बातमी नको होती. हात धुवायला मागल्या दारी गेलो तेव्हा कौशल्याने तांब्या पुढे केला. पाणी घालताना ती म्हणाली, "थोरल्यांनी चुलीला हात लावू नको म्हणून सांगितलंय. तुमाला ते सांगतीलच." तिचा आवाज रोजच्यासारखा होता, आणि तेच मला जड गेलं.

थोरले म्हणजे माझा भाऊ, दौलतराव. त्याला घरात आणि गावात सगळे दादा म्हणतात. चाकणच्या बाजारात त्याची कांद्याची अडत आहे. वडील गेले तेव्हा मी मराठी शाळेत होतो; त्यानंतर माझं शिक्षण, माझं लग्न, माझी पुण्याची खोली, सगळं दादाने केलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर एखादे वेळी भांडता तरी आलं असतं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना झाला, आसपासची पोरं तिथे चिकटली, तेव्हा गावात लोक विचारत, "सयाजीराव काय करत्यात?" आणि दादा छाती काढून सांगे, "कायद्याचा डाक्टर होतोय." रोगी नसलेला डॉक्टर ही गोष्ट गावाच्या गळी उतरवायला त्याला दोन वर्षं लागली. तर असा दादा यंदाच्या, सत्तावन्नच्या निवडणुकीला असेंब्लीसाठी उभा राहिला. हवा सगळी संयुक्त महाराष्ट्राची होती. दादाला ते लोकही आपले वाटत आणि सरकारवालेही आपले वाटत, कारण कांदे दोघेही खातात. म्हणून तो कुणाकडूनच उभा न राहता अपक्ष उभा राहिला. निशाणी मिळाली दिवा. तो सपाटून पडला. पडल्यावर आठवडाभर हसतखेळत होता, मग कुणीतरी मोजणीच्या वेळचा आकडा त्याला सांगितला, आणि त्याचं हसणं गेलं.

आकडा असा होता. गावातल्या बायकांचं मतदानाचं ठिकाण वेगळं होतं. तिथल्या दिव्याच्या पेटीत वीस कागद निघाले, आणि आमच्या भावकीतल्या मत देणाऱ्या बायका एकवीस. भावकीबाहेरच्या एकाही बाईने आपल्याला मत दिलं नाही याचं दादाला काही वाटलं नाही. ते एक कमी पडलं ते मात्र त्याला कुसळासारखं सलत राहिलं. जेवण झाल्यावर सोप्यात त्याने मला हे सगळं सांगितलं, सुपारी कातरत, अडतीच्या एखाद्या हिशेबपट्टीतला फरक समजावून सांगावा तसं. मी म्हटलं, "दादा, असं न्हाई धरता येत. भावकीबाहेरचं एखादं आलं असंल आन आतली दोन गेली असतील." तो म्हणाला, "भावकीबाहेरचं कोन देतंय आपल्याला?" यावर कायद्यात उत्तर नव्हतं. मग त्याने खंडोबाचा वार म्हणून रविवारी भावकीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, ताटात बेलाचं पान आणि भंडारा ठेवला, आणि एकेकीला उचलायला लावलं. बेलभंडारा हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. बोललंच तर वंश बुडतो. आईने पहिल्यांदा उचलला. वहिनींनी उचलला. काठी टेकत आलेल्या चुलत्यांच्या शालनकाकूंनी उचलला. कौशल्या ताटापुढे आली, वाकली नाही, आणि म्हणाली, "मी न्हाई सांगणार." दादा सुपारी कातरायची थांबवून म्हणाला, "दिलं न्हाई म्हनली असती तरी मी समजून घेतलं असतं रे. पन सांगनार न्हाई म्हंजे काय? आपल्या मानसांत लपवायचं काय? तू इचार. उद्या सांजच्याला मला सांग. न्हाईतर तुमचं तुमी वेगळं रांधा." दादाचा आवाज या शेवटच्या वाक्याला बारीक झाला. त्याला वेगळं करायचं नव्हतं; पण चारचौघांसमोर बोललेला शब्द आता त्याच्याही डोक्यावर बसला होता.

लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम चौऱ्याण्णव : कोणत्याही साक्षीदारास वा अन्य इसमास, निवडणुकीत आपण कोणाला मत दिले हे सांगण्यास भाग पाडता येणार नाही. तीन वर्षं मी या एका वाक्याभोवती फिरतो आहे. हे वाक्य कुठून आलं, कुणाच्या देशात आधी कसं होतं, हात वर करून मत देत तेव्हा जमीनदार कुळांकडे कसे बघत, हे सगळं मी ग्रंथालयातल्या त्या खिडकीजवळच्या मेजावर बसून उतरवून घेतलं आहे, आणि एवढं उतरवल्यावर त्या वाक्याचा मला कंटाळा आला आहे. एकच शब्द खूप वेळ म्हणत राहिलं की त्यातला अर्थ निघून जातो आणि नुसता आवाज उरतो, तसं झालं आहे. सर म्हणतात, तुमच्या लिखाणात कायदा आहे, माणूस नाही. मी मान हलवतो. बसमध्ये उभं राहून येताना मला वाटतं, माणसं काय, पुष्कळ आहेत. ही काय माझ्या पायावर उभी आहेत. आणि त्या दिवशी आमच्या स्वतःच्या सोप्यात, हळदीच्या ताटापुढे, पाचवारी पातळ नेसलेलं ते कलम उभं राहिलं होतं, आणि मी पुण्यात समास सुधारत होतो. हे लक्षात आल्यावर मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं ते असं, की हिने 'दिलं' म्हटलं असतं तर हिचं काय गेलं असतं.

हे मी तिला विचारलंही. लपवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात भांडी घासत होती, चुलीला हात लावायचा नसला तरी राखेला लावायला बंदी नव्हती. मी म्हटलं, "नुस्तं व्हय म्हणून मोकळी हो. कोण बघायला येतंय?" ती म्हणाली, "तुमीच म्हणाला व्हता ना, पडद्यामागं कुणी बघत न्हाई, कुणी इचारू शकत न्हाई. मतदानाच्या आदल्या दिवशी." म्हणालो होतो. ती सातवीपर्यंत शिकलेली, तिला समजावून सांगताना मला बरं वाटे. सरांपुढे जे अडखळतं ते तिच्यापुढे सुरळीत येई. पडदा असतो, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असते, पेटीवर निशाणी, कागदावर काही लिहायचं नसतं, हवं त्या पेटीत टाकायचा आणि बाहेर यायचं. देवालासुद्धा सांगायचं नाही, असं मी वर म्हटलं होतं. गंमत म्हणून. "म्हणालो व्हतो," मी म्हटलं, "पण ते बाहेरच्यांसाठी. घरात कसला कायदा?" कौशल्याने घासलेली कढई उपडी घातली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग मला घरातच तर सगळी इचारत्यात." मला राग आला. राग येण्याइतका जोर माझ्यात त्या दिवशी आहे याचंच नवल वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, मी आठवड्यातले चार दिवस पुण्यात, दुपारभर ही या घरात कुणाशी काय बोलते मला ठाऊक नाही. आणि आता हिच्यात एक बंद दार निघालं होतं, तेही मीच बसवून दिलेलं. माझ्या स्वतःच्या मताची मला आठवण झाली. शाळेच्या खोलीत गोणपाटाचा पडदा होता. मागे गेलो. पेट्या ओळीने मांडलेल्या, खिडकीतून उन्हाची तिरीप आलेली, बाहेर कुणीतरी खोकत होतं. तीन वर्षं ज्या जागेवर लिहीत होतो तिथे उभा होतो, म्हणून जरा थांबून बघावं असंही मनात आलं. पण पाठीमागे रांग होती. कागद दिव्याच्या पेटीत टाकला आणि बाहेर आलो. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी आई सोप्याच्या कोपऱ्यात वाल सोलत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि हाताला चाळा म्हणून सोलू लागलो. उन्हाने कौलं तापली होती आणि मागच्या कांद्याच्या चाळीचा उग्र वास घरभर होता. चैत्रात आमच्या घराला तोच वास असतो, आणि पुण्यात कधी कुणी कांदा चिरला की मला उगीच घरी कुणी आजारी आहे असं वाटतं. म्हटलं, "आई, तू दादाला सांगून बघ की." आई म्हणाली, "त्यो ऐकायचा न्हाई. आन मी काय सांगू? मी तर पैली उचलला भंडारा. मी कशाला खोटं बोलू? झ्येंडूचं फूल घेऊन गेलते पदरात. दौलूच्या पेटीवर फूल वाहिलं, कागुद वाहिला, हात जोडलं न आले." मी सोलत राहिलो. तो शब्द माझ्या कानावरून गेला आणि मग परत फिरून आला. मी विचारलं, "वाहिला म्हंजे आत टाकला ना? फटीतनं?" आई माझ्याकडे बघून हसली. लहानपणी मी काही खुळ्यासारखं विचारलं की हसायची तशी. "दिव्याफुडं ठेवायचं असतंय रं. दिव्याच्या पोटात कुनी कोंबतं व्हय?"

पेटीच्या बाहेर सापडलेला कागद मोजत नाहीत. दिव्याच्या पेटीवर ठेवलेला असला तरी नाही, फुलासकट असला तरी नाही. हा नियम मी तिसऱ्या प्रकरणात एका तळटीपेत लिहिला होता, आणि सरांनी त्याच्याही समोर 'उदाहरण?' लिहिलं होतं. उदाहरण माझ्यापुढे पाय पसरून वाल सोलत होतं. आईला काही बोललो नाही. जन्मात एकदा तिने मुलाला मत दिलं आणि ते कुणीतरी कचऱ्यात टाकलं, हे तिला कोण सांगेल? पण माझ्या छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं. एक कमी होतं ते हे. कौशल्याने दिलं होतं. दादालाच दिलं होतं, आणि नुसत्या हट्टापायी सांगत नव्हती. मी उठलो तेव्हा मला हलकं वाटत होतं, आणि ते हलकेपण दादाच्या पेटीसाठी नव्हतं, वेगळी चूल टळली म्हणूनही नव्हतं. बंद दाराच्या आत काही नाही हे कळल्याचं ते सुख होतं.

ती चाळीत होती, सडके कांदे निवडून बाजूला काढत. फटींतून उन्हाच्या पट्ट्या तिच्या अंगावर पडल्या होत्या. मी तिला सांगितलं. आईने काय केलं, नियम काय आहे, आकडा कसा जुळतो, सगळं नीट क्रमाने सांगितलं. म्हटलं, "आता दादाला एवढंच सांगतो. तुझ्यावरचं किटाळ गेलं." हातातला कांदा तिने दाबून बघितला, मऊ लागला, बाजूला टाकला. मग म्हणाली, "आत्याबाईंचं नाव नका घेऊ. त्यांचं मत पोचलंय."

मी म्हटलं, "पोचलं न्हाई, तेच तर सांगतोय."

"मी त्यांच्या मागनं व्हते," ती म्हणाली. "आत गेले तर पेटीवर फूल, आन फुलाखाली कागुद. त्यांना बोलवावं तर त्या भायेर. तिथल्या बाईला सांगावं तर ती फेकून देईल असं वाटलं. मी उचलला न आत टाकला. फूल तेवढं राहू दिलं." तिने दुसरा कांदा उचलला. "हे सांगणार नव्हते. पण तुमी आता सोप्यात जाऊन त्यांचं मत बाद झालं म्हणाल. म्हातारीला त्ये सोसायचं न्हाई."

बाहेर कुणीतरी गाडीला बैल जुंपत होतं, त्याचा आवाज आला. दुसऱ्याचा कागद पेटीत टाकणं हा गुन्हा आहे की काय, कोणत्या कलमाखाली, हे माझ्या डोक्यात आपोआप फिरू लागलं, कारण दुसरा हिशेब मला करायचा नव्हता. पण तो माझ्या परवानगीसाठी थांबला नाही. आईचा कागद आत गेला होता. बाकीच्या बायकांचेही गेले होते. पेटीत वीस होते. मी कौशल्याकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हिशेब संपेपर्यंत ती तशीच बघत राहिली. मग पदराने हात पुसून म्हणाली, "झालं आता. तुमाला कळलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. काहीतरी जपून ठेवलेलं द्यावं लागलं की माणूस जसं बोलतं तसं ती बोलली. कुणाला दिलं, का दिलं, हे दोन्ही प्रश्न माझ्या तोंडाशी आले. दादाने तिचं काय बिघडवलं होतं? की दादाचा संबंधच नव्हता. पडद्यामागे ती एकदा एकटी उभी राहिली, कुणी बघत नव्हतं, आणि आजवर कुणी काही विचारलं नव्हतं तिथे तिला पहिल्यांदा विचारलं गेलं, आणि तिने उत्तर दिलं, एवढंच? माझ्या कलमाने मला हे कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या घरात ते वापरलं होतं ते हिने एकटीने. मी खूप थकलो होतो. विचारलं नाही.

संध्याकाळी दादा सोप्यात वाट बघत होता. ताट मांडलेलं होतं, भंडारा जरा सांडला होता, बेलाचं पान सुकून वळलं होतं. आई दाराआड उभी होती. मला खोटं बोलता आलं असतं, 'दिलं म्हणते' एवढंच. दादा तेवढ्यावर खूश होऊन उठला असता, त्यालाही तेच हवं होतं. पण मग त्याने म्हटलं असतं, उचलू दे तर मग. तो म्हणाला, "काय म्हनली?"

मी म्हटलं, "विचारलं न्हाई."

"इचारलं न्हाई?"

"न्हाई. विचारायचं नसतं ते."

"मग एवढी वर्सं शिकलास काय?" दादा म्हणाला. हेच शिकलो, असं चोख उत्तर मला नंतर अंथरुणावर सुचलं. वेळेवर उत्तरं सुचली असती तर मी वकील झालो असतो. दादाने ताट उचलून देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलं. मला त्याची दया आली, आणि माझी पण.

कांद्याच्या चाळीच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे. हंगामात राखणदार झोपतो. तिथे आम्ही वेगळं रांधू लागलो. दादाने सकाळीच मारुतराव गड्याच्या हाती ज्वारीचं पोतं पाठवलं, वहिनींनी डाळ पाठवली, आईने तवा स्वतः आणून दिला आणि दारातच उभी राहून म्हणाली, "चार दिसांनी निवंल त्यो." मला तसं वाटत नाही. दादा भल्याचाही शब्द फिरवत नाही आणि वाइटाचाही नाही. मी त्या आठवड्यात पुण्याला गेलोच नाही. पिशवीतलं प्रकरण काढलं, 'उदाहरण?' या शब्दासमोर थोडा वेळ बसलो, आणि परत ठेवून दिलं. माझ्याजवळ आता असं एक उदाहरण होतं की ते लिहिलं तर मोडलं असतं. पिंपरीच्या कारखान्यात मजुरांच्या कचेरीत कुणी शिकलेला माणूस हवा आहे असं ऐकलं होतं, तिथे जाऊन यावं असंही मनात येत होतं. कौशल्याने तीन दगड मांडून चूल केली होती. धूर पत्र्याला लागून खाली येत होता, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, कांद्याचं होतं की धुराचं ते सांगता आलं नसतं. ती भाकरी थापत होती. आम्ही दोघेच जेवायला असण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला ते आवडत होतं हे मला उशिरा कळलं. जरा वेळाने ती म्हणाली, "एक इचारू?"

मी म्हटलं, "विचार."

"तुमी कुणाला दिलं?"

भाकरी तव्यावर पडली. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. गोणपाटाचा पडदा आठवला, उन्हाची तिरीप, ओळीने मांडलेल्या पेट्या, बाहेर खोकणारा माणूस. कलम चौऱ्याण्णवप्रमाणे मला उत्तर द्यायला कुणी भाग पाडू शकत नव्हतं. "दादाला," मी म्हटलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. तिने भाकरीला पाणी लावलं, ती सुकेपर्यंत थांबली आणि उलटली. "बाप्यांची मतं मोजून कुणी बघितली न्हाईत. तुमाला कुणी भंडारा उचलायला लावला न्हाई. तुमचं सगळ्यांना ठावच व्हतं." हे ती टोचून बोलली नाही, मला ते टोचेल हे तिच्या ध्यानातही आलं नसावं. भाकरी फुगली. तिने ती काढून माझ्या ताटात ठेवली, वर वाटीतलं कालवण वाढलं, आणि म्हणाली, "जेवा, निवतंय."